अर्धे बधिर बोट

उजव्या हाताची अनामिका अर्धीच बधिर होते, ही गोष्ट मी जवळजवळ चार महिने कोणालाही सांगितली नव्हती, कारण सांगताना ती मलाच खोटी वाटायची. बोट बधिर व्हायचे तर सगळे व्हावे. त्याची मधल्या बोटाकडची कड लाकडासारखी आणि करंगळीकडची कड मात्र नेहमीसारखी, असे कसे होईल? अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री दोन-अडीचच्या सुमारास हात जड होऊन जाग येते आणि पलंगाच्या कडेला बसून थर्मामीटर झटकावा तसा हात झटकला की पाचेक मिनिटांत बरे वाटते, एवढेच मी डॉक्टरांना सांगितले. अर्ध्या बोटाची हकिकत मनातच ठेवली.

डॉक्टरांनी मला दोन्ही मनगटे दुमडून, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर बसायला सांगितले. उजव्या हाताला मुंग्या यायला मिनिटही लागला नाही. मग मनगटाच्या मधोमध बोटाने हलके टिचकावून त्यांनी विचारले, की मधल्या बोटात काही सणकल्यासारखे होते का. होत होते. दोन्ही तळहात शेजारी ठेवून त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बराच वेळ पाहिला. उजवीकडचा खपाटीला गेला आहे का, हे ते पाहत होते, असे मला नंतर समजले. थायरॉइडची गोळी किती वर्षे चालू आहे, मधुमेह आहे का, हेही विचारून झाले. शेवटी म्हणाले, "मनगटात नस दबलेली दिसते. पण किती दबली आहे, आणि ती मनगटातच दबली आहे की मानेत, हे नुसतं तपासून ठरवता येत नाही. एनसीव्ही करून या, मग बोलू."

एनसीव्ही म्हणजे नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो त्याचे मोजमाप. तिच्याबरोबर बहुधा ईएमजी नावाची स्नायूची तपासणीही करतात. बाह्यरुग्ण विभागातच तासाभरात होणारी ही तपासणी आहे. भरती व्हावे लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही, भूलही नसते. पण तिची ख्याती वाईट आहे. ज्यांना ज्यांना मी हे सांगितले त्यांच्यापैकी तिघांनी "अरे बापरे, त्यात शॉक देतात आणि सुया टोचतात" हे एकच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकवले. या वाक्यात असत्य काहीच नाही, आणि तरीही तेवढ्यावर जे चित्र मनात उभे राहते ते प्रत्यक्षाशी फारसे जुळत नाही.

तपासणीच्या दिवसासाठी मला जी चिठ्ठी मिळाली होती तिच्यावर वेळ, खोलीचा क्रमांक आणि "अंगठ्या व बांगड्या काढून याव्यात" एवढाच मजकूर होता. त्यामुळे सकाळी आंघोळीनंतर सवयीप्रमाणे हातांना क्रीम लावून मी गेले, आणि हातांवर तेल, क्रीम, लोशन काहीही नको, कारण त्यावर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत, हे मला खोलीत गेल्यावर कळले. चिठ्ठीत आणखी एक ओळ घालायला कोणाचे काय बिघडले असते, असे वाटून मी थोडी वैतागले. याहून महत्त्वाचे दोन प्रश्नही मला तिथेच विचारले गेले: पेसमेकर किंवा तसे काही उपकरण शरीरात बसवले आहे का, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. माझी दोन्ही उत्तरे नाही अशी होती; पण ज्यांचे उत्तर हो असेल त्यांनी ते वेळ ठरवतानाच सांगून ठेवावे.

खोली लहान होती. एक खाट, एक खुर्ची, चाकांच्या टेबलावर संगणकासारखे यंत्र, आणि त्यातून निघालेल्या रंगीत वायरींचा एक झुबका खिळ्याला अडकवलेला. तंत्रज्ञ बाईंनी माझा मोबाइल दूरच्या टेबलावर ठेवायला लावला. त्यांना टिपायचे संदेश अतिशय क्षीण असतात आणि आसपासच्या विजेच्या उपकरणांची घरघर त्यांत मिसळते, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी माझ्या हातावर एक छोटा तापमापक टेकवला आणि मान हलवली. "ताई, हात गार आहेत. एकोणतीस आहे. बत्तीसच्या वर आल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

बाहेरच्या बाकावर एसीच्या झोतात पाऊण तास बसल्यावर हात गार पडले यात नवल नव्हते. परंतु त्याचा तपासणीशी इतका जवळचा संबंध असेल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते. त्यांनी कोमट पाण्याचे भांडे आणून माझे दोन्ही हात त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवले आणि तेवढ्या वेळात मला ते समजावले. हाताचे तापमान एका अंशाने उतरले की नसेचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी होतो. म्हणजे धडधाकट माणसाचे हात गारठलेले असताना घाईने तपासणी केली, तर कागदावर त्याची नस आजारी ठरू शकते. ही घाई तिथे झाली नाही, यामुळे क्रीमची गोष्ट मी मनातल्या मनात माफ करून टाकली.

हात कोरडे करून स्पिरिटने पुसले गेले, आणि तिथली कातडी एका खरखरीत पट्टीने किंचित घासली गेली. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर एक इलेक्ट्रोड, अंगठ्याच्या सांध्यावर दुसरा, हाताच्या पाठीवर तिसरा. मग बाईंनी मापनपट्टी काढली. इतक्या यंत्रसामग्रीच्या गराड्यात शिंप्याकडे असते तशी साधी पट्टी पाहून मला हसू आले, पण पुढचा सगळा हिशेब त्या पट्टीवरच उभा असतो. इलेक्ट्रोडपासून मनगटापर्यंतचे अंतर मोजून त्यांनी पेनाने एक फुली मारली, दुसरी फुली कोपराच्या आतल्या बाजूला मारली, आणि दोन फुल्यांमधले अंतर यंत्रात भरले: २१ सेंटिमीटर.

पहिला शॉक देण्याआधी त्यांनी तो आपल्या स्वतःच्या हातावर देऊन दाखवला. धीर देण्याची ही रीत मला फार आवडली. शॉक देणारे साधन म्हणजे दोन बोथट टोके असलेली एक मूठ. ती मनगटावर दाबली, आणि "टक्" असा आवाज होऊन माझा अंगठा माझ्या परवानगीशिवाय आत वळला. वेदनेपेक्षा आश्चर्य जास्त होते. हिवाळ्यात लोकरीचा कपडा काढताना ठिणगी बसते, तिच्याहून थोडा अधिक जोराचा, पण तितकाच क्षणिक असा तो झटका. तो सेकंदाच्या पाच हजाराव्या भागापुरताच असतो. परंतु एका झटक्यावर भागत नाही. बाई प्रत्येक वेळी विजेचा जोर थोडा वाढवत होत्या आणि पडद्यावर उमटणारी टेकडी प्रत्येक वेळी थोडी मोठी होत होती. एका टप्प्यावर जोर वाढवूनही टेकडी वाढेना, तेव्हा नसेतले सगळे तंतू कामाला लागले असा त्याचा अर्थ. आणि त्याची खात्री व्हावी म्हणून त्याहूनही सुमारे एक पंचमांश जोर वाढवून शेवटचा झटका देतात. तो शेवटचा मात्र लागतो. कोपराजवळचा तर बराच लागला. तिथे नस खोल असते, त्यामुळे मूठ रोवून धरावी लागते, आणि झटका खांद्यापर्यंत गेल्यासारखा वाटला. मी "आई गं" म्हटले, आणि बाई म्हणाल्या, "म्हणा, खुशाल म्हणा, फक्त हात हलवू नका."

पडद्यावरचे आकडे मला त्यांनी वाचू दिले. मनगटावर झटका दिल्यापासून अंगठ्याचा स्नायू हलेपर्यंत ५.६ मिलिसेकंद, कोपरावर दिल्यापासून ९.६ मिलिसेकंद. दोन्ही वेळांतला फरक चार मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात संदेश २१ सेंटिमीटर धावला, म्हणजे सेकंदाला साडेबावन्न मीटर. हा वेग उत्तम आहे, असे त्या म्हणाल्या. कोपर ते मनगट या रस्त्यावर काही अडथळा नाही. पण मनगटापासून अंगठ्यापर्यंतच्या जेमतेम सात सेंटिमीटरला ५.६ मिलिसेकंद लागतात, हे जास्त आहे. तिथे साडेचारच्या आत पोहोचायला हवे.

मला ही वजाबाकी विलक्षण सुंदर वाटली. एकाच ठिकाणाहून मोजले असते तर नस, स्नायू आणि त्यांच्यातला सांधा या सगळ्यांचा वेळ त्या आकड्यात मिसळून आला असता; दोन ठिकाणांहून मोजून वजा केले, की सामाईक ते सगळे गळून पडते आणि उरतो तो फक्त नसेचा वेग. ही युक्ती जुनी आहे. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या पायाच्या नसेवर नेमके हेच केले होते. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांचे मत असे होते, की नसेतल्या संदेशाचा वेग मोजण्याचे साधन आपल्याला कदाचित कधीच लाभणार नाही. आणि शिष्याच्या हाती जो वेग आला तो सेकंदाला साधारण २७ मीटर, म्हणजे एखाद्या वेगवान मोटारीइतका. गारठलेल्या नसेत संदेश रेंगाळतो, हेही हेल्महोल्ट्झच्या लक्षात आले होते. कोमट पाण्याचे ते भांडे, म्हणजे, बरेच जुने आहे.

यानंतर संवेदनेची तपासणी सुरू झाली. अंगठ्यातल्या स्नायूचा प्रतिसाद सात मिलिव्होल्टचा होता. बोटांतल्या संवेदनेचा संदेश त्याच्याहून शेकडो पटींनी लहान असतो आणि मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, त्यामुळे इथे एकदम सैल, निश्चल पडून राहावे लागते. बोटांभोवती स्प्रिंगच्या वळ्यांसारखे दोन इलेक्ट्रोड घालतात आणि मनगटावर झटके देतात. तर्जनी झाली, करंगळी झाली, आणि मग ती वळी अनामिकेवर चढवत बाई सहज म्हणाल्या, "या बोटाची गंमत असते. याची अर्धी बाजू एका नसेकडे आणि अर्धी दुसरीकडे."

मी ताडकन उठून बसणारच होते. त्यांनी मला आधी आडवे व्हायला सांगितले आणि मग बोलल्या. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू यांची संवेदना मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून (कार्पल टनेल) जाणाऱ्या मधल्या नसेची, म्हणजे मीडियन नर्व्हची. अनामिकेची उरलेली बाजू आणि करंगळी ही अल्नर नर्व्हची, आणि ती त्या बोगद्यातून जात नाही. बोगदा दबला की अनामिकेची एकच कड बधिर होते. मानेत नस दबली, तर बोट असे मधोमध सहसा चिरले जात नाही. जी गोष्ट मी खुळचटपणाची समजून चार महिने लपवली, ती माझ्या सगळ्या तक्रारींत डॉक्टरांच्या सर्वाधिक उपयोगाची होती.

आणि तपासणीही त्याच गंमतीवर बेतलेली आहे. बोट एक, त्यावरची वळी एकच, तापमान एक, मनगटापासूनचे अंतर दोन्ही नसांना सारखेच, १४ सेंटिमीटर. फक्त झटका एकदा मधल्या नसेवर द्यायचा आणि एकदा अल्नरवर, आणि कोणता संदेश आधी पोहोचतो ते पाहायचे. निरोगी हातात दोघी जवळजवळ बरोबरच येतात. अर्ध्या मिलिसेकंदाहून अधिक फरक पडू नये. माझ्या उजव्या हातात अल्नरचा संदेश ३.२ मिलिसेकंदांनी आला आणि मीडियनचा ४.६ नी. पडद्यावर दोन्ही रेषा एकाखाली एक उमटल्या होत्या आणि खालच्या रेषेतली लाट वरच्या लाटेपेक्षा स्पष्टपणे उजवीकडे सरकलेली, शिवाय बुटकीही होती. माझ्या बोटाच्या दोन कडांमधले जे अंतर मला अंधारात चाचपून जाणवायचे, ते तिथे १.४ मिलिसेकंद म्हणून लिहिलेले होते.

डाव्या हाताची तपासणी करतील, अशी माझी अपेक्षा नव्हती, कारण डावा हात चांगला होता. निदान मी तसे समजत होते. तुलनेसाठी आणि हा विकार पुष्कळदा दोन्ही हातांना असतो म्हणून दोन्ही हात बघण्याची पद्धत आहे, असे सांगून बाईंनी सगळा क्रम पुन्हा केला. डाव्या अनामिकेतला फरक ०.७ आला. अंगठ्याचा आकडा अजून मर्यादेत होता, पण अनामिकेने चुगली केली. आता मला वाटते, की क्वचित कधी सकाळी डाव्या हातालाही मुंग्या आल्या होत्या. मात्र हे मला आठवले की तो आकडा पाहून मी आठवून घेतले, याची खात्री देता येत नाही.

सुईचा भाग डॉक्टर स्वतः करतात. ते आले, आकड्यांवरून नजर फिरवली, आणि अंगठ्याच्या उंचवट्यात एक बारीक, एकदाच वापरून टाकून द्यायची सुई घालणार असल्याचे सांगितले. या सुईतून वीज सोडत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच प्रथम कळले. ती ऐकण्यासाठी असते. तळहाताची कातडी नाजूक, त्यामुळे टोचणे चांगलेच झोंबले, या बाबतीत मी कोणालाही खोटा दिलासा देणार नाही. सुई आत जाताना यंत्राच्या ध्वनिक्षेपकातून खरखर झाली आणि लगेच थांबली. "ही शांतता चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. स्नायूकडे जाणारे तंतू तुटले असतील, तर स्नायू सैल असतानाही बारीक टपटप ऐकू येत राहते, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग त्यांनी अंगठा हळूच उचलायला सांगितला, तेव्हा टक्-टक्-टक् असे स्वतंत्र ठोके ऐकू आले. जोर वाढवला तसे ठोके दाटत गेले आणि त्यांची एक सलग घरघर झाली. आपल्या स्नायूचा आवाज ऐकताना टोचलेल्या सुईचा थोडा वेळ विसरच पडतो. सुई त्याच जागी दोन-तीन वेळा किंचित सरकवतात, तेव्हा मात्र तिची पुरती आठवण होते.

सगळे मिळून पन्नास मिनिटे लागली. त्यानंतर कापूस दाबून धरण्याखेरीज काही पथ्य नव्हते. उंचवट्यावर तांदळाएवढा निळा डाग दोन दिवस राहिला आणि पेनाच्या फुल्या तीन दिवस.

अहवाल दोन पानांचा होता. पहिल्या पानावर कोष्टके, दुसऱ्यावर आलेख आणि शेवटी निष्कर्ष: उजव्या मनगटात मीडियन नस मध्यम प्रमाणात दबलेली, डाव्या मनगटात सौम्य, स्नायूकडे जाणाऱ्या तंतूंची हानी नाही. तो घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे परत गेले. त्यांनी कागदावर मनगटाचा आडवा छेद काढून दाखवला. तीन बाजूंना मनगटाची हाडे, वर एक जाड पट्टा, आणि त्या अरुंद बोगद्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि दहावी ही नस. बाकीच्या नऊ दोऱ्यांना दाटीवाटी सोसते, नसेला सोसत नाही. तिच्यावरचे मायलिनचे वेष्टन दाबाने झिजते आणि तेवढ्या पट्ट्यात संदेश मंदावतो. दाब तसाच राहिला तर पुढे आतले तंतूच मरू लागतात. माझे प्रकरण पहिल्या पायरीवर आहे आणि दुसरीच्या अलीकडे आहे, हे त्या सुईच्या शांततेने सांगितले होते. मनगटातली ही दिरंगाई विजेच्या साहाय्याने मोजता येते, हे ब्रिटनमधील जे. ए. सिम्प्सन यांनी १९५६ साली दाखवून दिले.

मी त्यांना विचारले, की रात्री जो ठणका लागतो तो या आकड्यांत कुठे आहे. त्यांचे उत्तर मला अनपेक्षित होते. ही तपासणी जाड, वेगवान तंतूंची असते. दुखणे वाहून नेणारे तंतू बारीक आणि मंद असतात, आणि ते या यंत्रात दिसतच नाहीत. म्हणून आकडे वाईट असूनही फारसे दुखत नाही असे रुग्ण असतात, आणि आकडे जवळजवळ स्वच्छ असून रात्रभर जागणारेही असतात. अहवाल नॉर्मल आला म्हणजे रुग्ण उगाच कण्हतो आहे, असा अर्थ काढणे चूक आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. हे वाक्य ऐकताना मला माझ्या अर्ध्या बोटाची आठवण झाली आणि मी ती गोष्ट अखेर त्यांना सांगितली. "हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना," ते म्हणाले, आणि केस पेपरवर अनामिकेचे छोटेसे चित्र काढून त्याचा अर्धा भाग पेनाने गिरवला.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि तूर्त बाजूला ठेवला गेला. मनगट सरळ राहील असा पट्टा दोन्ही हातांना रात्री बांधायचा, थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करून गोळीचे प्रमाण पाहायचे, सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर मनगटात एक इंजेक्शन, आणि अंगठ्याची पकड कमी होऊ लागली तर मात्र थांबायचे नाही, असे ठरले. झोपेत आपण मनगटे दुमडून घेतो आणि बोगद्यातला दाब त्यामुळे वाढतो, म्हणून पट्टा रात्रीचा.

आज पाचवा आठवडा चालू आहे. पट्ट्याची सवय व्हायला आठ-दहा रात्री गेल्या. पांघरूण ओढताना तो कशात तरी अडकतो आणि त्याचा वेल्क्रो मध्यरात्री फार मोठ्याने वाजतो. हात झटकत बसण्याची वेळ आठवड्यातून एखाद्या रात्रीच येते. अनामिका मात्र अजून अर्धीच आहे, आणि पुढच्या भेटीत सांगायच्या गोष्टींच्या यादीत ती या वेळी पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवली आहे.